दर पाचशेव्या पुस्तकाची खूण

"नवा संगणक कशाला? याच म्हाताऱ्याला पळवून दाखवते!" नेवेनाने संचालक बोगोमिल यांना ठणकावून सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

डॅन्यूबकाठच्या त्यांच्या वाचनगृहात पुस्तकं साठ हजार आणि संगणक एक. यादी उघडली की आठ हजाराव्या ओळीच्या आसपास तो थकलेल्या बैलासारखा मटकन बसायचा! राजधानी सोफियाहून गावी परतलेल्या नेवेनाला बोगोमिलनी तीन महिने दिले होते. यादी शेवटपर्यंत चालली तर नोकरी कायम. नाही तर पुन्हा सोफियाची बस.

"साठ हजार ओळी एकदम धरून ठेवायच्याच कशाला?" नेवेना म्हणाली. "पाचशे खुर्च्या मांडायच्या. पडद्यावर दिसतात त्या ओळी आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या, एवढ्याच बसलेल्या. यादी सरकली की जुन्यांनी उठायचं, त्याच खुर्च्यांवर नव्यांनी बसायचं. मेमरी भरेलच कशी?"

"न्हाव्याच्या दुकानासारखं," योर्दांका मावशी म्हणाल्या. चौतीस वर्षं तळघरातला साठा सांभाळणाऱ्या या मावशींनीच लहानपणी नेवेनाला वाचनगृहाचं पहिलं कार्ड दिलं होतं. पुस्तकावर जॅम सांडल्याबद्दल पहिली बोलणीही त्यांचीच!

शुक्रवारी सकाळी परीक्षा झाली. एका वाचकाला मधमाश्यांवरचं पुस्तक हवं होतं. मावशींनी त्या नावापुढे मागणीची खूण केली, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "आता शेवटपर्यंत जाते. मधे बसलं यंत्र, तर तुझं काही खरं नाही!"

आठ हजार गेले. दहा हजार गेले. यंत्र साधं खोकलंही नाही! नेवेनाची नजर मेमरीच्या आकड्यावर खिळली होती; तो तसूभर हलेना. खुशीत ती सगळ्यांसाठी चीज भरलेली बानित्सा आणायला बेकरीत गेली आणि भट्टीतून गरमागरम निघेपर्यंत तिथे ऐटीत गप्पा मारत बसली.

परतली तेव्हा दुपार झाली होती. टेबलावर पुस्तकांचा डोंगर! शेजारी बोगोमिल घाईघाईने टाय बांधत होते.

"मधमाश्या, दातांची निगा, ट्रॅक्टरदुरुस्ती, चर्चमधली गाणी!" ते कुजबुजले. "एकशेवीस पुस्तकं मागवलीत कुणीतरी. हा वाचक नव्हे, नेवेना. हा मंत्रालयाचा तपासनीस!"

"मावशी कुठे आहेत?"

"खाली. शेवटचं पुस्तक आणायला गेल्यात. बानित्सा दे इकडे, साहेबांना लागेल."

नेवेनाने पडद्याकडे पाहिलं. यादी सरकवली. मधमाश्यांच्या बरोबर पाचशे ओळी पुढे एक खूण. आणखी पाचशेंनी दुसरी. तिच्या प्रोग्रॅमने खूण पुस्तकाला नव्हे, खुर्चीला लावली होती! पहिला माणूस उठून गेला, पण त्याची टोपी खुर्चीवरच राहिली आणि पुढे जो जो बसला त्याच्या डोक्यावर चढली!

"साहेब, तपासनीस नाही. चूक माझी—"

तेवढ्यात मावशी जिना चढून आल्या. मनगट लालभडक!

"रक्त!" बोगोमिल किंचाळले आणि बानित्सावरच बसले.

"ओरडताय काय? मार्तेनित्साचा रंग गेलाय," मावशी म्हणाल्या. मार्च महिना होता. गावातल्या प्रत्येकाच्या मनगटावर तो लाल-पांढरा दोरा होताच. "करकोचा दिसल्याशिवाय दोरा सोडायचा नाही, पण हा तर आधीच भिजून गेला. शेवटच्या कपाटाची भिंत पाझरतेय, साहेब! वरच्या फळीपर्यंत ओल आहे!"

त्या कपाटातलं पुस्तक नऊ वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. गावातल्या पहिल्या शाळेच्या हस्तलिखित वह्या तिथेच होत्या.

वरच्या मजल्यावर होरो नाचाची तालीम चालली होती. नाचणारे सगळे खाली आले, जिन्यावर रांगेत उभे राहिले आणि हातोहात वह्या वर गेल्या. सवयीने पायही ठेक्यात पडत होते! संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं. चार वह्या ओल्या झाल्या होत्या. वाया एकही गेली नाही.

मग नेवेनाने सगळं कबूल केलं. बोगोमिल गंभीर झाले; विजारीला चीज लागलेलं असताना जमेल तितके.

"यादी शेवटपर्यंत चालली की नाही, साहेब?" मावशींनी विचारलं.

"चालली, पण—"

"दर कपाटात साधारण पाचशे पुस्तकं. हिच्या चुकीने मला एकूण एक कपाटापुढे उभं केलं. तुमची पाहणी कधी जिना तरी उतरली का?"

नोकरी कायम झाली. नेवेनाने मावशींचं लाल मनगट घट्ट धरलं.

चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. सोमवारी मावशी कंबरेवर हात ठेवून हजर. "दुरुस्त केलीस? आणि दर महिन्याला कपाटं कोण दाखवणार मला? परत कर ती चूक!"

ती मुद्दाम आणि नीट परत करायला नेवेनाला नऊ दिवस लागले. मावशींना दर महिन्याला प्रत्येक कपाटातलं वेगळं पुस्तक हवं होतं ना! त्यासाठीच्या नव्या बटणाला बोगोमिलनी नाव दिलं: 'नेवेनाची चूक'.

"मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना, नाव बदला म्हणून."

मावशींनी एकशेविसांतलं एक पुस्तक तिच्यापुढे उघडलं. पान सत्तेचाळीस. आलुबुखाराच्या जॅमचा वीस वर्षांपूर्वीचा डाग.

"बदलू की! आधी ही चूक दहा मिनिटांत दुरुस्त करून दाखव."