खांबेट्यांचा उलटा ठराव

"आणखी एक पोळी वाढू का?" असं विचारलं की खांबेटे पंगतीत इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "सूचक मी. अनुमोदक कोण?" कुणीतरी हात वर केल्याशिवाय ते पोळी घेत नाहीत. एकदा माझ्या सहा वर्षांच्या मुलीने हात वर केला. "मतदानाचं वय नाही," म्हणून त्यांनी तो बाद ठरवला आणि खरोखर अर्धपोटी उठले.

खांबेटे इथे आयर्लंडात, क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. लोकांच्या चुका शोधण्याचा तिथे त्यांना पगार मिळतो. आमच्या ल्यूकनच्या मराठी मंडळात तेच काम ते हौसेने करतात. मंडळाची घटना त्यांनीच लिहिली. मी चिटणीस, त्यामुळे "चिटणीसबाई, नोंद घ्या" हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. हॉलची खिडकी कुणाच्या परवानगीने उघडली, याचीसुद्धा आमच्या इतिवृत्तात नोंद आहे. लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "प्रस्ताव आले होते. कोरम झाला नाही."

मध्यंतरी त्यांना एका बातमीने पछाडलं. अमेरिकेत एका राष्ट्राध्यक्षांवर पूर्वी झालेला महाभियोग पुसून टाकावा, तो जणू झालाच नव्हता असं जाहीर करावं, असा ठराव काही लोकप्रतिनिधींनी आणला होता. लोक विचारायचे, "तुम्ही त्यांच्या बाजूचे की विरुद्ध?"

"माणूस ठेवा हो बाजूला," खांबेटे म्हणायचे. "माझा प्रश्न एवढाच आहे, की झालेलं न झालेलं करता येतं का?"

हा प्रश्न त्यांनी बसच्या ड्रायव्हरला विचारला, ऑफिसातल्या मॅनेजरला विचारला. शेवटी शेजारचे आयरिश आजोबा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले, त्यांना गाठलं. आजोबांनी डब्यावर कोपर टेकून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ग्रँड," ते म्हणाले; म्हणजे इथल्या बोलीत 'बरं'. "आणि तुम्ही कुणाला काढलं होतंत?"

त्यानंतर तीन दिवस खांबेट्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एकही चूक काढली नाही. मी तब्येतीची चौकशी करायला फोन केला.

कारण आमच्या मंडळातही एक महाभियोग झाला होता. सहा वर्षांपूर्वी सुलभा राजवाडे अध्यक्ष होत्या. दिवाळीचा कार्यक्रम चार वाजता; नाटकवाल्यांचे मेकअप सुरू झालेले, घरोघरी चकल्यांचे डबे भरलेले. बारा वाजता सुलभाताईंचा मेसेज आला, "आजचा कार्यक्रम रद्द. कारण सांगता येणार नाही. क्षमस्व." खांबेट्यांनी अकरा मुद्द्यांचं आरोपपत्र लिहिलं. सभेत सुलभाताई एवढंच म्हणाल्या, "कारण नाही सांगणार." मतदान झालं, त्यांचं पद गेलं. पुढे दूर पश्चिमेकडच्या स्लायगोच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी धरून त्या ल्यूकनच सोडून गेल्या.

यंदाच्या वार्षिक सभेत खांबेटे उभे राहिले. "सुलभा राजवाडे यांना पदावरून दूर करणारा ठराव ही सभा मागे घेत आहे."

"कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण सांगता येणार नाही."

हॉल हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "इतका खटाटोप कशाला? जुनी फाइल डिलीट करून टाका ना!"

"डिलीट नाही!" खांबेटे ओरडले. मग आवाज खाली आला. "काही खोडू नका. तो ठराव राहू दे, माझी सहीही राहू दे. खाली फक्त लिहा, की हे चुकलं होतं."

मला कशाचाच पत्ता नव्हता, तरी मी हात वर केला. ठराव दोन मतांनी पास झाला. निम्म्या लोकांना जेवायची घाई होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

खांबेटे गाडी चालवत नाहीत, म्हणून शनिवारी मीच त्यांना घेऊन स्लायगोला निघाले. वाटेत त्यांनी सांगितलं. त्या दिवाळीला सकाळी एका विद्यार्थिनीने सुलभाताईंना फोन केला होता. मुलगी परक्या देशात एकटी, जीव नकोसा झालेली. सुलभाताई दिवसभर तिच्याजवळ बसून राहिल्या. कुणाला कळू देऊ नका, अशी तिने शपथ घातली होती. तीच मुलगी आता खांबेट्यांच्या ऑफिसात आहे. जेवणाच्या सुट्टीत कधीतरी मंडळाचा विषय निघाला आणि तिने आपण होऊन त्यांना सांगितलं. हे लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. "लिहा, फक्त नाव नको," म्हणाली.

सुलभाताईंनी दार उघडलं. खांबेट्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच अख्खा ठराव वाचला, सूचक-अनुमोदकांसकट.

"झालं वाचून?"

"हो."

"मी तेव्हा कारण सांगू शकत नव्हते, खांबेटे. मंडळाला कारण हवं होतं, ते ठीक. पण तुम्ही चार वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवत होतात. तुम्हाला कशाला हवं होतं कारण?"

खांबेट्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मंडळ नाही चुकलं," ते म्हणाले. "मी चुकलो."

"राग आहे मला अजून. तो काही ठरावाने जायचा नाही."

"नाही जायचा."

"आत या. थंडी आहे बाहेर."

आम्ही जेवायला बसलो. त्या सहा वर्षांत खांबेटे रविवारी कुणाच्याच घरी जेवले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही किती वेळा बोलावलं होतं. दर वेळी काहीतरी काम निघायचं. निघताना सुलभाताईंनी त्यांच्या हातात उरलेल्या मसालेभाताचा डबा दिला.

"डबा माझा आहे," त्या म्हणाल्या. "परत आणून द्या."

परतीच्या वाटेवर खांबेटे तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मागे ठेवा म्हटलं तरी ठेवेनात. वाटेतलं लाँगफर्ड गाव मागे पडलं, तेव्हा खिडकीबाहेर बघतच त्यांनी हळूच विचारलं,

"स्लायगोला रविवारी बस असते का हो?"

"असते," मी म्हटलं.