टोकियो स्टेशन, मु. पो. सनीव्हेल

फोन वाजला तेव्हा मीनाक्षीच्या हातात थालीपिठाचा गोळा होता आणि तव्यावरचं थालीपीठ करपायच्या बेतात होतं. सोमवारची संध्याकाळ, सव्वापाच वाजलेले. तिनं कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं.

"मीनू, मी हरवलोय." पलीकडून अवधूतचा आवाज आला.

"कुठे?"

"कुठे ते कळलं असतं तर हरवलो असतो का?"

मीनाक्षीनं गॅस बंद केला. नवरा टोकियोत होता आणि तिथे मंगळवारचे सकाळचे सव्वानऊ झाले होते. दहाच्या बुलेट ट्रेननं त्याला नगोयाला जायचं होतं आणि दुपारी एक वाजता तिथल्या गिऱ्हाइकाला कंपनीची नवी चिप चालवून दाखवायची होती. चिप पसंत पडली तर अवधूतचा ग्रुप राहणार होता, नाहीतर बंद. ग्रुप बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे व्हिसा बंद. मग मीनाक्षीचा डिपेंडंट व्हिसाही त्याच्या मागोमाग सती जाणार होता. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून स्वतः इंजिनिअर असून चार वर्षं ती घरी बसली होती, त्यामुळे त्या व्हिसावर तिचं प्रेम नव्हतं. पण तो जावा असंही नव्हतं.

"अरे, मग कुणाला तरी विचार की!"

"विचारलं गं. एका माणसाला विचारलं तर तो वाकला. म्हणून मी वाकलो. मग तो परत वाकला. पाच मिनिटं आमचं तेच चाललं होतं. आता कुणाला विचारायची हिंमत नाही. इथे बोर्डच इतके आहेत, की शंभर दारं असतील असं वाटतंय."

टेबलाशी मटार सोलत बसलेल्या वसुधाबाईंनी, म्हणजे मीनाक्षीच्या सासूबाईंनी, मान वर केली. "त्याला विचार, पाणी प्यायलाय का."

"आई, तो स्टेशनात हरवलाय, वाळवंटात नाही."

मीनाक्षीनं लॅपटॉप उघडला आणि स्टेशनचा नकाशा शोधला. नकाशा उघडला, पण तो जपानीत होता. तेवढ्यात तिला गिरीश आठवला आणि इथेच सगळं बिघडलं.

गिरीश त्याच कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. दोन वर्षांपूर्वी तो बारा दिवस जपानला जाऊन आला होता आणि तेव्हापासून सनीव्हेलच्या मराठी मंडळींत जपानवरचा शेवटचा शब्द त्याचाच असे. गणपतीच्या आरतीनंतर, बार्बेक्यूच्या धुरात, एकदा तर एका डोहाळजेवणातसुद्धा त्यानं बुलेट ट्रेन सांगितली होती. मीनाक्षीनं फोन केल्यावर तो दोन मिनिटांत खाली हजर झाला. त्याच्या हातात चक्क एक व्हाइटबोर्ड होता.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. हा क्लासिक प्रॉब्लेम आहे." त्यानं व्हाइटबोर्ड फ्रिजला टेकवून ठेवला, त्यावर एक मोठा चौकोन काढला आणि वर 'टोकियो' असं लिहिलं. "अवधूत, ऐक यार. लाल विटांची जुनी बिल्डिंग दिसतेय का? तेच मेन स्टेशन. ती दिसली की समज पोचलास."

"मी आत आहे. आतून विटा कशा दिसतील?"

"मग बाहेर जा ना!"

अवधूत आज्ञाधारक होता. सामान ओढत तो बाहेर पडला. सात मिनिटांनी त्याचा आनंदी आवाज आला, "दिसली! लाल विटांची बिल्डिंग दिसली!"

"बघा!" गिरीशनं मीनाक्षीकडे पाहिलं. "आता तिच्यासमोर बुलेट ट्रेन असेल."

"समोर टॅक्सी स्टँड आहे."

गिरीशनं व्हाइटबोर्डवरच्या चौकोनाला आणखी एक रेघ ओढली. मीनाक्षी मात्र नकाशातली चित्रं निरखत होती. लांब नाकाच्या गाडीचं चित्र तिला नेमकं स्टेशनच्या दुसऱ्या टोकाला सापडलं.

"गिरीश, बुलेट ट्रेन तर पलीकडच्या बाजूला आहे. तू त्याला उलटा बाहेर काढलास."

"वहिनी, नकाशे जुने असतात. अवधूत, परत आत जा. आता माझं सिंपल लॉजिक ऐक. बुलेट ट्रेननं कोण जातं? टूरिस्ट. बॅगा, मुलंबाळं, कॅमेरे घेतलेली गर्दी दिसली की तिच्या मागे जायचं. कुणाला काही विचारायचं नाही, बोर्ड वाचायचे नाहीत."

"त्याला म्हणावं, डब्यात गूळपोळी दिलीय ती खा," वसुधाबाई म्हणाल्या.

अवधूत गर्दीच्या मागे निघाला. सरकते जिने उतरला, सरकत्या पट्ट्यांवरून चालला, पुन्हा जिने उतरला. फोनवर त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. दहा मिनिटं झाली. गिरीश व्हाइटबोर्डवर बाण काढत होता.

"मीनू..." अवधूतचा आवाज बारीक झाला. "इथे सगळ्यांच्या डोक्यावर उंदराचे कान आहेत."

मीनाक्षी फोनवर वाकली.

"काय?"

"केसांच्या बँडवर काळे, गोल कान. आयांच्या, बापांच्या, मुलांच्या, सगळ्यांच्या. मी एकटाच बिनकानाचा आहे. ही कुठल्या तरी करमणुकीच्या बागेत जायची गाडी दिसतेय. आणि मी मेन स्टेशनपासून दहा मिनिटं लांब, जमिनीखाली..." इथे फोन कट झाला.

मीनाक्षीनं लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. एक जपानी बाई अतिशय गोड आवाजात काहीतरी सांगत होती. घड्याळात पावणेसहा वाजले होते, म्हणजे तिकडे पावणेदहा.

"पंधरा मिनिटं राहिली," गिरीश गंभीरपणे म्हणाला. "ती ट्रेन गेली की संपलं. आपण एस्केलेट करू या."

म्हणजे त्यानं मराठी मंडळाच्या ग्रुपवर ईमेल टाकली. विषय होता, 'अर्जंट: टोकियो स्टेशन'. पाच मिनिटांत सात उत्तरं आली. वेस्ट विंडसरच्या एकानं आपण एकदा न्यूयॉर्कच्या स्टेशनात कसे हरवलो ते दीड पान लिहून पाठवलं. एकानं सुचवलं की इंडियन एम्बसीला कळवा. अर्विंगच्या कुणीतरी विचारलं, तो परत येताना एक डिजिटल कॅमेरा आणेल का. बाकीच्यांनी 'मीही शोधतोय, कळव' एवढंच लिहिलं होतं आणि ते टोकियोबद्दल की कॅमेऱ्याबद्दल, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

एवढ्यात गिरीशची बायको शोभना त्याला शोधत खाली आली. फ्रिजला टेकवलेला व्हाइटबोर्ड, त्यावरचे बाण आणि मीनाक्षीचा पांढरा पडलेला चेहरा तिनं पाहिला.

"काय झालं गं?"

"अवधूत टोकियो स्टेशनात हरवलाय. गिरीश बुलेट ट्रेन दाखवतोय."

"हा?" शोभनानं नवऱ्याकडे पाहिलं. "हा कधी बसलाय बुलेट ट्रेनमध्ये? बारा दिवस कंपनीची गाडी होती दाराशी. स्टेशनासमोर उभं राहून फोटो काढला आणि शेजारी नूडल्स खाल्ल्या."

मीनाक्षीनं हळूच गिरीशकडे मान वळवली.

"टेक्निकली," गिरीश म्हणाला, "मी स्टेशनच्या आवारात होतो."

मीनाक्षीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला लागले तर रडायला येईल अशी तिला भीती वाटली. घड्याळात सहा वाजले. ट्रेन गेली. ती खुर्चीवर बसली आणि मनातल्या मनात पुण्याला काय काय न्यायचं, काय विकायचं, याची यादी करू लागली. व्हॅन विकावी लागेल. सोफा कुणी घेणार नाही. वसुधाबाईंनी सोललेले मटार उगाचच पुन्हा एकदा निवडले.

सहा वाजून चौदा मिनिटांनी फोन वाजला.

"मीनू, बसलो!"

"कशात?"

"ट्रेनमध्ये! फोन कट झाला आणि मला काही सुचेना. मग तिथल्या टोपीवाल्या माणसाला नुसतं तिकीट दाखवलं. त्यानं माझी बॅग उचलली आणि थेट बुलेट ट्रेनच्या गेटपर्यंत माझ्याबरोबर धावला. दहाची गेली होती, पण अगं, इथे दर दहा मिनिटांनी गाडी आहे! बिनरिझर्व्ह डब्यात बसायला चालतं म्हणाला."

"दर दहा मिनिटांनी?"

"हो ना. आपण उगाचच घाबरलो."

मीनाक्षीनं गिरीशकडे पाहिलं. गिरीशनं तोवर तिच्या हातातून फोन घेतलाही होता. "वेल डन, अवधूत! मी म्हणत होतो ना, पॅनिक व्हायचं नाही. आता मस्त डोळे मीट. जपानमध्ये गाडी एक सेकंद लेट होत नाही."

मग थालीपिठं झाली. शोभनानं दही आणलं. गिरीश चार थालीपिठं खाऊन तिथेच लॅपटॉपवर ईमेल लिहीत बसला: 'इश्यू रिझॉल्व्ह्ड. टोकियो स्टेशनबद्दल काही सूचना सोबत जोडत आहे.' सूचना अकरा होत्या.

साडेआठ वाजता फोन पुन्हा वाजला. या वेळी मीनाक्षीनं स्पीकर लावला नाही.

"मीनू," अवधूत कुजबुजत होता, "क्योटो फार सुंदर आहे गं."

"क्योटो? आणि नगोया?"

"झोप लागली."

गाडी खरोखरच एक सेकंदही लेट नव्हती. ती नगोयाला वेळेवर आली होती आणि अवधूतला घेऊन वेळेवर सुटलीही होती.

मीनाक्षी फोन कानाला लावून उठली, शांतपणे बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि नळ सोडला. "नीट ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "गिऱ्हाइकाला फोन करून उशीर होईल म्हणून सांग. परतीची गाडी धर. उभा राहून जा, बसू नकोस. आणि इथे कुणालाही फोन करू नकोस. मलासुद्धा."

ती बाहेर आली तेव्हा सगळे तिच्याकडे पाहत होते.

"काय म्हणतोय?" गिरीशनं विचारलं.

"नगोयाला पोचला."

"येस!" गिरीशनं हवेत मूठ मारली आणि अकराच्या बारा सूचना केल्या.

सकाळी अवधूतची ईमेल आली होती. तो पाऊण तास उशिरा पोचला. गिऱ्हाइकाकडचे पाच जण दारात ओळीनं उभे होते आणि पाहुण्याला आणायला आपण माणूस पाठवला नाही, ही आमचीच चूक, असं म्हणून कमरेत वाकत होते. त्यांना इतकं अपराधी वाटत होतं, की चिपबद्दल कुणी एकही अवघड प्रश्न विचारला नाही. चिप पसंत पडली.

मीनाक्षीनं ईमेल दोनदा वाचली आणि सासूबाईंसाठी चहा गाळला. "आई, अवधूतचं काम झालं."

"झालं ना? छान." वसुधाबाईंनी बशीत चहा ओतला. "क्योटोहून परत यायला किती वेळ लागला त्याला?"

मीनाक्षीच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"नळ सोडलास तरी बाथरूमची भिंत पुठ्ठ्याची आहे गं इथे. मी लागूनच देवापाशी बसले होते."

"आई, प्लीज कुणाला..."

"वेडी आहेस का?" वसुधाबाईंनी एक भुरका मारला. "अवधूतचे बाबा आमच्या लग्नाच्या दिवशी नाशिकला उतरायचे ते झोपेत मनमाडला गेले. मुहूर्त टळला, भटजी चिडले, मी बोहल्यावर दोन तास उभी. गाडी लेट होती असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. अडतीस वर्षं झाली, मी कुणाला काही बोलले का?"