सगुणाबाईंनी फुलवंतेचे बोल छापिले त्याची हकीकत

श्रीवाणी प्रसन्न असो, जिव्हा सत्यास राहो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरीं, एके राज्यीं तरुण मंडळी कारभाराचें बरेंवाईट मोबाईलचे चव्हाट्यावर बोलूं लागली, आणि जो बोले त्याजवर शिव्यांचा मारा होऊं लागला. मग विद्यापीठाचे दरबारीं मसलत जाहली कीं, या विषाचा शोध करावा, आणि कामगिरी सगुणाबाई दप्तरदार यांस सांगितली. बाई बहुत विद्वान, बोलणें गोड. फिरत फिरत त्या खालचे आळीस फुलवंता नामें अठरा वर्षांचे मुलीकडे गेल्या. तिणें लिहिलें होतें, "पाण्याला जात नाही, मग आमच्याच आळीचा नळ कोरडा का?" याजवर तिला नको नको तें ऐकावें लागलें होतें. पोरीनें पाणी दिलें, बाई प्याल्या. मग पोर पुसती जाहली, "बाई, मी कोण ते कळणार नाही ना?" बाई बोलिल्या, "माझा शब्द."

मग ग्रंथ सिद्ध केला. नांव गाळिलें, गांव गाळिलें, परंतु पोरीचें वाक्य फार देखणें, तें बाईंस सोडवेना, आणि जैसेंचे तैसें छापिलें. पंडितांनीं वाहवा केली. परंतु टवाळांनीं तेंच वाक्य चव्हाट्यावर धुंडिलें, आणि क्षणांत फुलवंता सांपडली. मग पहिल्याहून दुप्पट शिव्या, घरचा पत्ता, भावास धमकी. पोरीनें खातें बंद केलें, ग्रामसभेस जाणें सोडिलें.

वर्तमान कळतांच बाईंचें तोंड उतरलें. दरबारचे वडील म्हणाले, "नांव कोठें लिहिलें? नियम पाळिला आहे." परंतु बाईंस तें गोड लागेना. त्या तशाच खालचे आळीस गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहोन म्हणाल्या, "चूक माझी. वाक्य छान दिसलं, तुझा विचार केला नाही."

फुलवंता म्हणाली, "शिव्या देणारे परके होते, बाई. तुम्ही आमच्या घरचं पाणी प्यायला होतात."

बाईंची लाजेनें मान वर होईना. मग माघारी येऊन त्यांणीं भर सभेंत आपला अपराध आपल्या तोंडें सांगितला आणि ग्रंथ परत घेतला. कोणी म्हणाले थोर मन, तें ऐकोन बाई अधिकच खजील जाहल्या.

एकंदर इतकेंच: बाईंची चूक सभेचे दप्तरीं दाखल जाहली. फुलवंतेनें पुनः एक अक्षर लिहिलें नाहीं. शिव्या देणारे रोज लिहितात.