ग्रहाचा पंचनामा

ग्रहाचा नाश झाला असं सांगितल्यावर पंचनामा मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इंगळे नाना. "ग्रह गेला म्हन्ता, बराबर. पंचनामा कुठं हाये?" असं ते शांतपणे विचारायचे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. पंच जिवंत असतील तर ग्रह गेलाच नाही, आणि पंचही गेले असतील तर पंचनामा होत नाही, म्हणजे सरकारदरबारी ग्रह अजून आहे तिथंच आहे. या युक्तिवादापुढं आम्ही तिघांनी कितीदा हात टेकले असतील, त्याला गणती नाही.

नव्वदीतलं जालना. मी बँकेत कारकून म्हणून बदलून आलो होतो आणि माझी माणसं सगळी साताऱ्याकडं. रविवार अंगावर यायचा. अशात खंदारे सरांची ओळख झाली. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांच्या परदेशातल्या मेहुण्यानं एका खेळाचं जाडजूड पुस्तक आणि मूठभर चित्रविचित्र फासे पाठवले होते. खेळ असा, की एकानं जग सांभाळायचं, म्हणजे कुठं काय आहे, कोण काय बोलतं, ते सगळं त्यानं सांगायचं. बाकीच्यांनी अंतराळयानातले खलाशी व्हायचं आणि "आम्ही आता असं करतो" म्हणायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा तोंडी कारभार.

सर, मी आणि बन्सी असे तीन खलाशी झालो. बन्सी बियाण्याच्या कंपनीत होता, आठवडाभर जिल्ह्यात फिरून बियाणं विकायचा आणि रविवारी परग्रहांवर हल्ले करायचा. जग सांभाळायला नाना. ते मोजणी खात्यात भूकरमापक होते, नकाशा काढावा तर त्यांनीच. शिवाय मस्तगडात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळं दुपारभर आरडाओरडा केला तरी घरात कुणी बोलणारं नव्हतं. पुस्तकात जग सांभाळणाऱ्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. बन्सीनं त्याचं 'तहसीलदार' करून टाकलं. नोकरीत न मिळालेली बढती नानांना अशी खेळात मिळाली आणि त्यांनी ती फार मनावर घेतली.

पहिल्याच रविवारी घोडं अडलं. ग्रह म्हणजे जमीन, जमीन म्हटली की तिला चतुःसीमा हवी. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे लिहिल्याशिवाय नाना पुढं जाईनात. सरांनी परोपरीनं समजावलं, की नाना, ग्रह गोल आहे, पूर्वेला चालत गेलात की तुम्ही पुन्हा तुमच्याच दारात येता. नानांनी दोन आठवडे विचार केला. तिसऱ्या रविवारी नकाशाखाली सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: पूर्वेस स्वतः, पश्चिमेस स्वतः, दक्षिणेस स्वतः, उत्तरेस स्वतः. आम्ही पोट धरून हसलो. नानाही हसले, पण आपलं काय चुकलं हे त्यांना कळलं नव्हतं.

पुस्तकाच्या हिशेबानं ग्रह नष्ट करणं म्हणजे हातचा मळ. बारा बाजूंचा एक फासा टाका, बारा पडले की ग्रह खलास. सरांना त्याची लाज वाटायची. ते म्हणायचे, शास्त्राला धरून काय ते करू. मग ते दुपारभर गणित मांडायचे. ग्रहाचे तुकडे करायचे तर नुसते करून भागत नाही, त्याचं स्वतःचंच गुरुत्वाकर्षण ते तुकडे पुन्हा गोळा करतं. ते कायमचे उधळून लावायचे तर पृथ्वीएवढ्या ग्रहाला सूर्याची जवळजवळ आठवडाभराची सगळी ऊर्जा लागेल. सर विजयी मुद्रेनं वर बघायचे. नाना विचारायचे, "मंग त्या आठ दिवसांत बाकीच्या ग्रहांवर अंधार का? त्यांनी दळन-कांडन कसं करायचं?" बन्सी कपाळावर हात मारायचा.

मग सरांनी मोठा दगड आणून आदळायची योजना काढली. ही तर शास्त्राला सोडून नव्हती. पण जालन्यापासून जवळच लोणार असताना नानांना दुसरा दाखला शोधायची गरज नव्हती. आभाळातून एवढा धोंडा पडला, केवढं थोरलं तळं झालं, आणि आज त्याच्या काठाला गाव आहे, बाजार भरतो, लग्नं लागतात, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, नाना, मधे हजारो वर्षं गेली. नाना म्हणाले, ती गेली ना, मग थांबा तेवढी. धुळीनं आभाळ झाकून ग्रह गोठवायचा बेत तर त्यांनी बसल्या जागी फेटाळला. मे महिन्यात जालन्यात राहणाऱ्या माणसाला धुळीचं भय घालू नये, एवढंच ते बोलले.

आणि समजा गणित बसलं, फासाही पडला, तरी शेवटी नानांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "एक मानूस वाचला." खाणीत म्हणा, डोंगराच्या आडोशाला म्हणा, पण एक वाचायचाच. आम्हाला पुढच्या ग्रहावर जायची घाई आणि नाना त्या एकट्या माणसापाशी तासभर बसलेले. त्याला पाणी कुठून मिळतं, चूल पेटते का, शेळी तरी उरली का, आणि सांजच्याला तो काय करतो. त्या माणसाचं बोलणं नाना स्वतः आवाज काढून बोलायचे. एकदा बन्सी वैतागून म्हणाला, "नाना, तुमी त्याला मरू बी देऊन न्हाई राह्यले."

मला याचा उलगडा एका सुट्टीच्या दिवशी झाला. नाना गावाकडं निघाले होते, मी रिकामा होतो, बरोबर गेलो. एसटीनं धावडा, तिथून डोंगराच्या अंगानं पायी. त्यांची वाडी म्हणजे दहा-बारा घरांची जोती आणि त्यावर वाढलेली बाभळ. विहीर आटली, रस्ता धावड्यावरून गेला, आणि एकेक घर उठून रस्त्याला लागलं. एकच घर उभं होतं. त्यात नानांचे थोरले भाऊ, कोंडीबादादा, एकटे. नानांनी पिशवीतून रॉकेलचा डबा, चहापत्ती आणि विडीची बंडलं काढून ठेवली. मग दोघं भाऊ ओसरीवर बसले आणि दोन तास जवळजवळ काहीच बोलले नाहीत. निघताना दादा म्हणाले, "जल्दी येत जाय." एवढंच.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, नाना, दादांना जालन्याला का आणत नाही? त्यांनी एकदा वळून वाडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "निजामाच्या वक्ताच्या कागदात एक शब्द हाये, बेचिराग. आपन बेचिराख म्हन्तो आन वाटतं, सगळं जळून राख झालं. तसं बिलकुल न्हाई. चिराग म्हंजी दिवा. जिथं सांजच्याला एक बी दिवा लागत न्हाई, ते गाव बेचिराग. मानसं किती, घरं किती, कोनी इचारत न्हाई. एक दिवा आसला तं गाव हाये." पुढं ते म्हणाले, "तो येतो म्हन्ला तं मला नको वाटंल. हे बराबर न्हाई, मला कळतं. पन वाटतं."

मी ही गोष्ट सरांना आणि बन्सीला सांगितली. त्यानंतर नाना त्या वाचलेल्या माणसापाशी कितीही वेळ बसले तरी आम्ही घाई केली नाही. बन्सी तर त्या माणसाच्या शेळीची चौकशी करायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडीबादादा गेले. साध्या तापाचं निमित्त. शेजारी कोणी नसल्यानं कळायलाही उशीर झाला. नाना तेरावं आटोपून आले आणि त्यांनी स्वतःच निरोप धाडला, रविवारी या. आम्ही गेलो. काय बोलावं कळेना, म्हणून खेळच सुरू केला. बन्सीनं नेहमीसारखा हल्ला चढवला, आवाजात जोर नव्हता. फासा पडला. नानांनी फाशाकडं पाहिलं आणि म्हणाले, "गेला. लिहून घ्या."

आम्ही वाट पाहत राहिलो. शेवटी मीच विचारलं, "एक माणूस?"

"न्हाई. कोनी न्हाई वाचलं."

इतकी वर्षं आम्ही ज्याच्यासाठी धडपडलो होतो ते झालं होतं आणि तिघांनाही ते नको होतं. खंदारे सरांनी वही ओढली. ज्या माणसानं तोवर ग्रह उडवायची गणितं केली, तो आता घाम पुसत उलटं गणित करायला लागला. धक्का ग्रहाच्या या अंगाला बसला तर त्या अंगाला काय, खोल खाणीत ऊब किती दिवस टिकेल, पाणी सगळं कसं आटणार नाही. कोणीतरी वाचलंच पाहिजे, ते शास्त्राला धरून आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "गनित बराबर हाये, सर. वाचंल एखादा. पन तो बोलंल कोनाशी?"

सरांनी वही मिटली. मी साताऱ्याहून आल्यापासून हाच प्रश्न उशाला घेऊन झोपत होतो, आणि तेव्हा मला नानांचं फार फार वाईट वाटलं.

बन्सी मात्र पुढं झाला. "तहसीलदार," तो म्हणाला, "आमी यान खाली उतरवून राह्यलो. तिघं बी बाहेर आलो. आन हाक मारून राह्यलो. कोनी हाये का?"

खेळाचा नियम असा, की खलाशांनी विचारलं तर जग सांभाळणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. नाना खाली मान घालून बसले. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. दर वेळी ते त्या माणसासाठी वेगळा आवाज काढायचे, तो त्यांना काढता आला नाही. मग ते आपल्याच आवाजात म्हणाले, "हाये. मी हाये. या, बसा."

आम्ही तिघं बसलेलेच होतो. तरी उठलो आणि त्यांच्या जवळ सरकून बसलो.