कासमचाचांची वाकायची शाळा

कासमचाचा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी बूड. तुम्ही महाडच्या एसटीतून आमच्या नाते गावात उतरलात, पिशवी उचलायला वाकलात, की चहाच्या टपरीवरून हाक आलीच समजा. "बूड मागं! कंबरेतून नाय रे, खुब्यातून वाक!" बायामाणसांना तेवढं "मागं गो, मागं!" एवढंच म्हणत. अदब होती हो माणसाला.

कुवेतमध्ये ट्रक चालवून चालवून त्यांची कंबर गेली होती. तिथल्या इस्पितळात एका केरळी बाईनं त्यांना उठणं, बसणं, वाकणं नव्यानं शिकवलं. लोक तिकडून घड्याळं आणतात, टेप आणतात. चाचा ही विद्या घेऊन परतले आणि गावाचं सुखानं वाकणं बंद झालं. पोलादपूरहून आलेला एक नवरदेव पाया पडायला वाकला, तर चाचांनी त्याला मांडवातच पुन्हा वाकायला लावलं.

मी पोट धरून हसायचो. मग माझी पाळी आली. माझी पिठाची गिरणी. एका सकाळी तांदळाचं पोतं उचललं आणि मटकन खालीच बसलो. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. म्हणाले, "हाड शाबूत आहे. आता हालचाल शिकायला कासमचाचांकडे जा." मी कसला जातोय! कंबरेला पट्टा आवळला आणि पुतळ्यासारखा हिंडू लागलो. चपलासुद्धा बायको पायात सरकवून द्यायची.

पण शिमगा जवळ आला. ग्रामदेवतेच्या पालखीला पुढून खांदा द्यायचा मान आमच्या घराचा. आधी वडील नाचवायचे, त्यांच्यानंतर मी. पालखी नाचवायची म्हणजे नुसती वाहायची नव्हे. तिच्यासकट पार खाली जायचं आणि ढोलाच्या ठेक्यावर उसळायचं. गावच्या बैठकीत माझा चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दिनकर, यंदा तू बाजूला उभा राहा." घरी येऊन मी रडलो. खरंच रडलो. सकाळी चाचांच्या ओट्यावर हजर.

"पट्टा काढ," ते म्हणाले. "आणि श्वास का धरून ठेवलायस? कंबर काय काचेची हाय?"

त्यांनी माझ्या पाठीला झाडूची दांडी लावली. डोक्याला, पाठीला, बुडाला टेकलेली. ती न सुटू देता वाकायचं. सुटली की चाचा कपाळ बडवायचे. हा सोहळा रोज माझ्याच गिरणीत, दळण घेऊन आलेल्या बायांसमोर! त्या पदर तोंडाला लावून हसल्या की चाचा त्यांनाही रांगेत उभं करायचे. आधी रिकामा डबा उचलला, मग भरलेला, मग पोतं. जरा चमक आली की मी घाबरायचो. "घाबरतोस काय? थोडं कमी कर, पण कर."

शिमग्याला पालखी खांद्यावर घेतली. ढोल घुमला. मी बूड मागे टाकून खाली गेलो, अगदी धुळीपर्यंत, आणि वर आलो तो उसळूनच! मग थांबतोय कोण? सारं गाव ओरडत होतं आणि सगळ्यांवर चाचांचा आवाज, "अरे बघा, माझा दिन्या बघा!" चुलतभावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काय सांगू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

खांदा बदलून पालखी पुढे गेल्यावर मी नारळ घेऊन चाचांच्या ओट्यावर गेलो. ते एकटेच बसले होते. "जिंकलास रे," म्हणाले. मग नारळ बाजूला ठेवत, "आता तुझं येणं संपलं. बरा झालेला माणूस परत येत नाय. येऊ पण नये."

चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुलगे दुबईला. साऱ्या गावाच्या कंबरा सांभाळणारा हा माणूस रोज एकटाच जेवतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडायच्या आधी त्यांच्या दारात उभा राहिलो. "चाचा, डावीकडे अजून जरा धरतंय."

त्यांनी मला वाकवलं, वळवलं, कंबर चाचपून पाहिली. तिथे काही म्हणजे काहीही नव्हतं आणि ते त्यांच्या हाताला लगेच कळलं.

"बरंच दुखणं हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "रोज यायला लागेल." आणि आत चहाचं आधण ठेवायला गेले.