परातीतली अंघोळ

आमच्या शेजारचे तारे भाऊजी परातीत उभं राहून अंघोळ करत. चांगली कणीक मळायची पितळी परात! अंगावरून उतरलेलं पाणी परातीत, परातीतलं बादलीत, बादलीतलं संडासात. "वहिनी, पाण्याला एका कामावर रिटायर करायचं नसतं," असं भिंतीवरून मला ऐकवायचे. बायको हयात असती तर तिने भाऊजींनाच कणकेसारखं मळलं असतं.

देवासला तेव्हा उन्हाळ्यात नळ दिवसाआड यायचा, तोही मर्जी असेल तर. भाऊजींनी साबण सोडला, कारण फेस धुवायला दोन तांबे जास्त लागतात. मग रिठे आले, बेसन आलं, आणि अंग घासायला वाळवलेलं गिलकं, म्हणजे घोसाळं. "भिया, एक बार लगाके तो देखो," म्हणत एक गिलकं आमच्या ह्यांनाही दिलं. ह्यांची पाठ दोन दिवस लाल होती.

आमचा नळ टपकलेला त्यांना त्यांच्या घरात ऐकू यायचा. लगेच जुन्या चपलेचं रबर कापून वायसर करून आणायचे. एकदा मी न्हायला बसले, पाचवा तांब्या ओतला, तर हा गृहस्थ भिंतीपलीकडून सूचक खोकला! मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

शेवटी तेच बोलले. त्यांची रेखा धारला दिलेली. दोन उन्हाळे आली नव्हती. लहान मूल घेऊन बिनपाण्याच्या घरी कशी येऊ, असं तिने सरळ पत्रात लिहिलं होतं. "पाण्यापायी लेकीचं माहेर तुटतंय, वहिनी," म्हणाले. म्हणून मोरीत एक मोठं पिंप ठेवलं होतं. स्वतःच्या वाटचं वाचवून ते रोज थोडं थोडं भरत. काठोकाठ भरल्यावर रेखाला कार्ड टाकलं, की आता ये.

वैशाखात रेखा अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आमच्या दारात. हातात रिकामी बादली. इतक्या वर्षांची सगळी व्याख्यानं व्याजासकट परत करायला माझी जीभ नुसती शिवशिवत होती.

"एक बादली मिळेल?" मान वर न करता म्हणाले. "पिंप संपलं. पोर घंगाळात बसून पाणी उडवते आणि खदखदा हसते. रेखाची आई गेल्यापासून घरात असं कुणी हसलंच नाही, वहिनी. मला पुरे म्हणवत नाही."

मी त्यांची बादली भरून दिली. मग आमचीही भरली आणि त्यांच्या मागोमाग घेऊन निघाले.