दलदलीत उतरलेली पॅन्ट

कापडाच्या बाबतीत मला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! उतेना गावात माझं शिवणकामाचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. कापड दोन बोटांत चोळलं की ते भिजल्यावर काय करणार, वाळायला किती वेळ लावणार आणि कुठे काचणार, हे मी डोळे मिटून सांगते. आणि शनिवार-रविवारी हीच मी, दांगुओले, आमच्या स्वयंसेवक सैन्यतुकडीत कॉर्पोरल असते. म्हणजे शिवायचं कसं ते मला कळतं, आणि ते घालून चिखलात लोळायचं कसं तेही कळतं. अशी बाई साऱ्या लिथुआनियात किती सापडतील? मग तुकडीसाठी नवे कपडे निवडायची वेळ आली तेव्हा मला कुणी विचारलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? कुणीही नाही!

मला बातमी कळली ती नवऱ्याकडून. एवाल्दास, माझा नवरा, तुकडीचा भांडारप्रमुख आहे. सही घेतल्याशिवाय हा माणूस बुटाची नाडीसुद्धा देत नाही. घरीही हीच खोड. माझ्याकडून इस्त्री दुरुस्तीला नेताना पावती देतो!

तो बीटचं गार सूप ओरपत म्हणाला, "तीन नमुने आलेत. जून संपायच्या आत एक निवडायचाय. तीनशे जोड येणार, आणि पुढची दहा वर्षं तेच."

"मग चाचणी कधी?"

"शनिवारी. राजधानीहून लेफ्टनंट कर्नल येणार आहेत बघायला. पण..."

"पण काय?"

"कॅप्टननी अहवाल लिहून टाकलाय. नमुना तीन."

"चाचणीच्या आधी?"

"टंकलेखनाला वेळ लागतो म्हणाले."

माझ्या हातातला बटाटा सूपच्या भांड्यात पडला आणि एवाल्दासचा सदरा गुलाबी झाला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

हा राग उगीचचा नव्हता. गेल्या फेब्रुवारीत आमची युर्गा, म्हणजे गुरांची डॉक्टर, तुकडीत जखमींची मलमपट्टी बघते ती, पहाऱ्यावर सहा तास उभी होती. वरून पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता. अंगात जुनी सुती पॅन्ट, पुरुषी मापाची. पॅन्टने स्पंजसारखं पाणी पिऊन घेतलं. बरं, बाईला लघवीला जायचं तर आधी पट्टा, मग जाकीट, मग चिलखत, सगळं उतरवायचं, बर्फात! म्हणून तिने दिवसभर पाणीच प्यायलं नाही. शेवटी न्यूमोनिया झाला. अकरा दिवस दवाखान्यात. मी रोज डबा घेऊन जायचे आणि तिचा खोकला ऐकून परत यायचे. आणि हे लोक टंकलेखनाला वेळ लागतो म्हणून पॅन्ट निवडतात!

दुसऱ्या दिवशी मी तडक कॅप्टन नार्बुतासांच्या कचेरीत गेले. एरवी ते विमा विकतात, त्यामुळे बोलणं तुपातलं.

"अगं दांगुओले, नमुना तीन बघ तरी! बावीस खिसे! फोटोत काय रुबाबदार दिसतो!"

"शत्रू फोटो काढायला येणार आहे का?"

"हे बघ, तू लग्नाचे झगे छान शिवतेस..."

वाचकहो, मी शांत बाई आहे. पण त्या वाक्यानंतर मी जे बोलले ते शेजारच्या दाताच्या दवाखान्यातही ऐकू गेलं. तिथल्या पेशंटने म्हणे दात काढायला दिला नाही, बाहेर काय चाललंय ते आधी ऐकू द्या म्हणाला.

"मी शिवते चौथा नमुना!" मी टेबलावर मूठ आपटून ओरडले. "तुमच्याच मापाचा! घालून उतरा दलदलीत! एका जागी जरी काचलं ना, तर मी तुकडी सोडते!"

कॅप्टनही चिडले. "घालतो! लेफ्टनंट कर्नलसमोर घालतो! मग कळेल तुला झगे आणि गणवेश यातला फरक!"

चार दिवस दुकानाला कुलूप. कापड मी निवडलं ते हलकं, पटकन वाळणारं, न सळसळणारं. मांड्यांच्या मध्ये जादा तुकड्याची मोठी कळी घातली, म्हणजे उकिडवं बसलं तरी ताण येत नाही. गुडघ्यांना दुहेरी कापड, घोट्याला घट्ट पट्टी, गोचीड आत शिरू नये म्हणून. खिसे फक्त सहा, पण पाठीवर सामान असतानाही हात जाईल अशा जागी. आणि मागच्या बाजूला चेन, पट्टा न सोडता बसता यावं म्हणून. ती खरं तर युर्गासाठी. कॅप्टनच्या पॅन्टलाही लावली, त्यांनाही कळू दे!

शुक्रवारी दुपारी हिरवा दोरा संपला. आतल्या शिवणी राहिल्या होत्या. आत कोण बघतंय? मशीनवरून मान न उचलता मी ओरडले, "एवाल्दास! वरचा खण! मोठं पांढरं रीळ!"

त्याने रीळ आणून दिलं. संध्याकाळी पाचला पॅन्ट आणि जाकीट तयार. देखणं झालं होतं काम. मी त्याला इस्त्री केली, आणि इस्त्री करता करता कॅप्टनला दोन शिव्याही घातल्या.

शनिवारी सकाळी आठला आम्ही जंगलाच्या कडेला उभे. लेफ्टनंट कर्नल पालियुलिस म्हणजे उंच, सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ. प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारे. नमुना एक एवाल्दासच्या अंगात, दोन युर्गाच्या, तीन माझ्या. चार कॅप्टनच्या.

निघाल्यापासून दहा मिनिटांत नमुना एकचा निकाल लागला. पाणी आत येऊ देत नाही म्हणे! बाहेरही जाऊ देत नव्हता! शिवाय प्रत्येक पावलाला चिवड्याच्या पुडीसारखा आवाज. कुरणातले करकोचे उडून गेले. एवाल्दासने हात खाली केला तर बाहीतून घामाची धार लागली.

"कसं वाटतंय?" लेफ्टनंट कर्नलनी विचारलं.

"उकडलेल्या बटाट्याला विचारा, सर," तो म्हणाला.

नमुना दोन मऊ होता, पण पहिल्याच डबक्यात पाणी प्यायला आणि युर्गा ओली गोधडी ओढत चालल्यासारखी चालू लागली. माझा नमुना तीन तर विचारू नका. बावीस खिसे, त्यांना बावीस वेल्क्रो. होकायंत्र कुठल्या खिशात आहे ते शोधायला मी एकेक उघडत गेले. फर्र! फर्र! फर्र! माझा संताप वाढत चालला. नवव्या खिशात होकायंत्र सापडलं तोवर वाट पुढे निघून गेली होती.

आणि कॅप्टन? कॅप्टन बोकडासारखे उड्या मारत होते! ओंडक्यावरून उडी, चरातून उडी. उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले. अकरा किलोमीटर झाले तरी माणूस दमायला तयार नाही. मी मनातल्या मनात इतकी फुगले की नमुना तीनची चेन ताणली गेली.

मग आला कालवा. खांद्यापर्यंत पाणी. आम्ही सगळे त्यातून पार झालो आणि पलीकडच्या शेवाळात शिरलो. वीसेक मिनिटांनी कॅप्टन थांबले.

"दांगुओले," ते हळूच म्हणाले, "माझ्या मांडीला वारा लागतोय."

"हवा खेळती राहावी म्हणूनच तसं शिवलंय, साहेब!" मी ऐटीत म्हणाले.

"फार खेळतेय."

त्यांनी एक पाऊल टाकलं. डावा पाय पॅन्टीतून बाहेर आला, पण पॅन्ट पायातून निघाली नव्हती, ती पायाभोवती उलगडली होती, केळीच्या सालीसारखी! दुसरं पाऊल टाकलं, उजवी बाजूही तशीच. गुडघ्याचे दुहेरी तुकडे पाण्यावर तरंगत निघाले. जाकिटाच्या बाह्या खांद्यापासून सुटून मनगटावर येऊन बसल्या. आणि आमचे कॅप्टन नार्बुतास, कमरेला नुसता पट्टा, त्याला एक हिरवी झालर, आणि खाली देशाच्या बास्केटबॉल संघाच्या रंगांची पिवळी-हिरवी-लाल चड्डी, असे दलदलीच्या मधोमध उभे राहिले. तेवढ्यात गोमाशांना बातमी लागली.

"दांगुओ-ले!!" ते किंचाळले.

माझ्या आयुष्यात माझी एक शिवण उसवली नव्हती. सव्वीस वर्षांत एक नाही! आणि आता एकदम सगळ्याच!

लेफ्टनंट कर्नल मात्र पळत आले, चष्मा पुसला, खाली वाकून कापडाचे तुकडे उचलले. कापड कुठेच फाटलेलं नव्हतं, फक्त शिवणींतला दोरा नाहीसा झाला होता. त्यांचे डोळे चमकले.

"विलक्षण!" ते म्हणाले. "जखमी माणसाच्या अंगावरून कात्री न लावता कपडे मोकळे व्हावेत, म्हणून केलंय ना हे?"

कुणी काही बोलायच्या आत युर्गा पुढे झाली. "हो सर! अगदी तसंच, सर!"

मी तिला कोपराने ढोसलं. तिने मला परत ढोसलं, आणि कानात म्हणाली, "गप्प बस. निवडतायत तुझी पॅन्ट!"

"आणि कॅप्टन, तुम्ही स्वतः प्रात्यक्षिक दिलंत!" लेफ्टनंट कर्नल वहीत भराभर लिहीत होते. "कुठल्या अधिकाऱ्याने इतकं केलं असतं? तीनशे जोड असेच मागवू आपण!"

गोमाशा मारता मारता कॅप्टनची छाती फुगू लागली. "कर्तव्य आहे, सर," ते म्हणाले.

तीनशे जोड. असेच. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: फेब्रुवारी, पाऊस, बर्फ, आमची तीनशे माणसं पहाऱ्यावर, आणि सगळ्यांच्या पॅन्टी एकेक करून गळतायत. त्यात ही युर्गा, अजून जिना चढताना खोकणारी.

"नाही सर!" मी ओरडले. "खोटं आहे ते! दोरा चुकलाय! पाण्यात विरघळणारा दोरा आहे हा! झग्यांना कच्ची टीप घालायला वापरतो आम्ही, धुतला की निघून जातो. ही सोय नाही, सर. ही चूक आहे, आणि ती," मी गर्रकन वळले, "या माणसाची आहे! चुकीचं रीळ आणून दिलं!"

सगळ्यांनी एवाल्दासकडे पाहिलं. तो बिचारा चिवड्याच्या पुडीत घामाघूम उभा. त्याने आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून चिठ्ठी काढली आणि लेफ्टनंट कर्नलच्या हातात दिली.

त्यांनी मोठ्याने वाचलं, "वरचा खण, मोठं पांढरं रीळ, एक नग, मिळालं. सही, दांगुओले."

कच्चा दोरा वरच्या खणात असतो. पक्का खालच्या. वरच्या खणाचं नाव मीच घेतलं होतं, आणि सही कशावर करतेय ते न बघता सहीही मीच ठोकली होती! त्या क्षणी दलदलीने मला गिळलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. पण दलदल गुडघ्यापर्यंतच होती.

लेफ्टनंट कर्नलनी वही मिटली. "म्हणजे नमुना चार बाद," ते म्हणाले. "नमुना तीनचा अहवाल तयारच आहे, नाही का कॅप्टन?"

मी मान खाली घातली. युर्गाने माझा हात घट्ट धरला. आणि तेव्हा कॅप्टन बोलले. चड्डीवर उभा असलेला माणूस विम्याच्या आवाजात बोलू शकत नाही. ते साध्या आवाजात बोलले.

"सर, तो अहवाल फाडून टाका. मी तो कपड्याला हात न लावता लिहिला होता. अकरा वर्षं मी या दलदलीत येतोय. दर वेळी मांड्या सोलवटून घरी जातो, कुणाला सांगत नाही, बायको पावडर लावते. आज अकरा किलोमीटर चाललो आणि एकदाही पॅन्ट वर ओढावी लागली नाही. दोरा बदला. बाकी काही बदलू नका. ती मागची चेनसुद्धा."

"चेन कशाला?" लेफ्टनंट कर्नल.

"ते युर्गा सांगेल," कॅप्टन म्हणाले.

आणि युर्गाने सांगितलं. फेब्रुवारीचं सगळं सांगितलं, न लाजता, गुरांच्या आजाराबद्दल बोलावं तितक्या स्पष्टपणे. लेफ्टनंट कर्नल लिहायचे थांबले होते. नुसते ऐकत होते.

परतीच्या वाटेवर मी माझं नमुना तीनचं जाकीट काढून कॅप्टनच्या कमरेला गुंडाळलं. माझा राग गेला होता असं समजू नका! मी स्वतःवर चिडले होते, एवाल्दासवर चिडले होते कारण त्याची चूक नव्हती, आणि कॅप्टनवर तर फारच चिडले होते, कारण आता त्यांना शिव्या घालता येणार नव्हत्या. घरी आल्यावर एवाल्दासला म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू दे, जेवायला वाढ." मी बटाट्याची धिरडी केली, वर साय जरा जास्तच घातली.

कपडे सप्टेंबरात आले. पक्क्या दोऱ्याचे. पहिल्या खेपेतला एकेक जोड मी बादलीत रात्रभर भिजवून ओढून बघितला. एवाल्दासने प्रत्येकाची माझ्याकडून सही घेतली, आणि या वेळी मी प्रत्येक ओळ वाचून मगच सही केली.

मग फेब्रुवारी आला. पुन्हा तेच, पाऊस आणि बर्फ एकत्र. युर्गाचा पहारा सहा तासांचा. मी खिडकीपाशी बसून होते. शिवायला घेतलेली बाही तीनदा उसवली. शेवटी ती पहाऱ्यावरून थेट माझ्याकडे आली, गाल लाल, नाक लाल. मी दारातच तिची पॅन्ट चाचपली, गुडघे, मांड्या, कळी. आतून कोरडी!

"कशी होती?" मी विचारलं.

"कोण?"

"अगं पॅन्ट! पॅन्ट कशी होती?"

युर्गाने जरा आठवून पाहिलं. मग खांदे उडवले.

"पॅन्ट? लक्षच गेलं नाही गं. सूप आहे का गरम?"

लक्षच गेलं नाही! चार दिवस दुकान बंद ठेवलं, एका कॅप्टनला दलदलीत उघडं पाडलं, स्वतःचं नाक कापून घेतलं, आणि हिचं लक्षच गेलं नाही! मला असा काही संताप आला म्हणता! मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, सूपची पळी भांड्यावर आपटली, आणि तिचा वाडगा काठोकाठ भरेपर्यंत मला काही केल्या डोळ्यांतलं पाणी थांबवता आलं नाही. बाहेर युर्गाला आणि एवाल्दासला सांगितलं, कांदा चिरत होते.

सूपमध्ये कांदा नव्हता.